दुसऱ्या महिन्यात खेळणार कोण?

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तू ज्या ऑनलाइन गेमवर काम करत होतास, तो प्रकाशकाने, म्हणजे पैसे लावणाऱ्या कंपनीने, बाजारात येण्याआधीच रद्द केल्याचं आईकडून कळलं. देवगडला येऊन बसलायस, फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितोय. टेस्टर खूश होते, मग का, हा तुझा प्रश्न रास्त आहे. पण प्रकाशकाचा हिशेब वेगळाच असतो.

आपल्याकडे ट्रॉलर पाण्यात उतरला की खरा खर्च सुरू होतो. डिझेल, बर्फ, तांडेल-खलाशांचे पैसे, जाळ्यांची डागडुजी. मासळी मिळो न मिळो. ऑनलाइन गेमलाही सर्व्हर, चीटर पकडणारी माणसं, सतत नवे मॅप, म्हणजे खेळायची मैदानं, लागतात. डिसेंबर २०२३ मध्ये नॉटी डॉग या गेम स्टुडिओने 'द लास्ट ऑफ अस ऑनलाइन' थांबवला, तेव्हा कारण उघड सांगितलं: तो चालवायचा तर स्टुडिओची सगळी ताकद वर्षानुवर्षं त्यातच गेली असती आणि एकट्याने खेळायच्या गेमवर गदा आली असती.

आता खेळाडूंचं गणित मांड. पाच विरुद्ध पाच, म्हणजे सामन्याला १० जण. समज तीन प्रदेश, कौशल्याच्या पाच पायऱ्या, खेळाचे दोन प्रकार. झाल्या सामन्याची वाट पाहणाऱ्यांच्या ३० वेगळ्या रांगा. प्रत्येकीत एकेक सामना लावायचा तरी ३०० जण एकाच वेळी हजर हवेत, आणि ते खेळत असताना पुढचे ३०० रांगेत. पहाटे तीनला कुठून आणणार? थांबून थांबून एक जण उठून जातो, मग उरलेल्यांना आणखी थांबावं लागतं. तुमच्या टेस्टमध्ये हे दिसलंच नसेल, कारण तिथे सगळ्यांना ठरल्या वेळी बोलावलेलं असतं.

सेगाने 'हायनाज' हा गेम बीटा, म्हणजे बाहेरच्या खेळाडूंकडून चाचणी, झाल्यावर, सप्टेंबर २०२३ मध्ये गुंडाळला. सोनीचा 'कॉनकॉर्ड' मात्र २३ ऑगस्ट २०२४ ला बाजारात आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला, पैसेही परत द्यावे लागले. हे पाहिलेला साहेब रद्द करायला कचरत नाही. (साहेब बदलला की आधीच्याच्या प्रकल्पांवर कात्री पहिली चालते, हेही खरं. त्यात गणित कमी आणि मानपान जास्त.)

ब्लिझार्डचा 'टायटन' सुमारे सात वर्षांच्या कामानंतर बंद पडला, २०१४ मध्ये तसं जाहीर झालं. त्यातल्या कल्पनांवर २०१६ चा 'ओव्हरवॉच' उभा राहिला. पण हे उदाहरण लोक जरा जास्तच सांगतात. बहुतेक रद्द गेमचं काहीच होत नाही.

पुढच्या मुलाखतीत तूच विचार: लाँचनंतर गेम चालवायचे पैसे कोण देणार, आणि माणसं कमी पडली तर बॉट, म्हणजे संगणकाने चालवलेले खेळाडू, घालणार का? उत्तर देताना समोरचा चाचरला, तर पगार कितीही असो, दोनदा विचार कर.

आणि हे याच आठवड्यात कर. तुझं कुठलं काम बाहेर दाखवता येईल, ते कंपनीकडून लेखी घे. तोंडी 'हो' चालणार नाही. परवानगीशिवाय कोडची एक ओळही घरी ठेवू नकोस. करारातलं याबद्दलचं कलम कळलं नाही, तर फोटो काढून मला पाठव.

तुझा,
काका