कॅमेरा कुणाच्या बाजूला उभा आहे?

प्रिय पोरी,

तुझ्या सिनेमाची संहिता मिळाली. १४२ पानं दोन रात्रींत वाचली आणि दुसऱ्या वाचनाला पेन्सिल घेऊन बसले. ज्या भयकादंबरीवर एकेकाळी एवढी आग पाखडली गेली तीच तू निवडलीस, याचा मला मनापासून आनंद झाला. भयकथेकडे आपल्याकडे अजूनही प्रवासात वाचायची गोष्ट म्हणून बघतात. मी शाळेत असताना नारायण धारप वाचून रात्री न्हाणीघरात जायला घाबरायचे आणि दुसऱ्याच दिवशी वाचनालयात त्यांचं पुढचं पुस्तक मागायला उभी राहायचे. ती ओढ मला अजून नीट सांगता येत नाही, पण मी या धंद्यात आले ती बरीचशी तिच्यामुळेच.

तुझं एक खटकलं. लेखकाने पानावर जे जे केलं ते सगळं तू पडद्यावर नेलंस. तळघराचा प्रसंग कादंबरीत जेमतेम दीड पानाचा आहे, तुझ्याकडे तो सात पानांचा झालाय. समासात तू लिहिलं आहेस, ‘इथे मागे हटायचं नाही.’ तुझी हिंमत मला दिसते. पण त्या पुस्तकावर वाद नेमका कशामुळे पेटला, हे तू शोधलेलं दिसत नाही. सगळे म्हणतात, त्या दीड पानामुळे. मी ती कादंबरी तीनदा वाचली आहे, आणि माझ्या मते लोक बिथरले ते सांगणाऱ्याच्या आवाजाने. तो तळघरातलं जे सांगतो ते घरातल्या किराणा सामानाची यादी सांगावी तसं सांगतो. वाचणाऱ्याला त्या आवाजात अडकून राहावं लागतं. तुझ्या सात पानांत सगळं आहे, तो आवाज तेवढा नाही.

एक उदाहरण नीट उलगडून सांगते, कारण मी स्वतः त्यावरूनच शिकले. ब्रेट ईस्टन एलिसची ‘अमेरिकन सायको’. १९९० च्या नोव्हेंबरात, पुस्तक दुकानांत यायला थोडेच आठवडे उरले असताना, सायमन अँड शुस्टर या प्रकाशकाने ते छापायला नकार दिला. १९९१ मध्ये व्हिंटेजने ते छापलं. अमेरिकेत स्त्रियांच्या संघटनेने बहिष्काराची हाक दिली, लेखकाला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, ऑस्ट्रेलियात ते प्लास्टिकमध्ये बंद करून फक्त प्रौढांना विकलं गेलं. बायकांवरच्या अत्याचाराची त्यातली वर्णनं मला एका बैठकीत वाचवली नाहीत. त्याचा सिनेमा केला मेरी हॅरनने, आणि पटकथा लिहिली तिने आणि ग्विनिव्हिअर टर्नरने. दोघी बायका. सिनेमा आला २००० साली.

त्या दोघींनी काय केलं ते बघ. पुस्तकातला निवेदक बेटमन हा वॉल स्ट्रीटवरचा पैसेवाला तरुण. तो पानंच्या पानं सूट, टाय, हॉटेलं आणि चेहऱ्याला लावायची मलमं यांबद्दल बोलतो. मध्येच अख्खं प्रकरण ‘जेनेसिस’ या बँडच्या गाण्यांवर, एक व्हिटनी ह्यूस्टनवर, एक ‘ह्यूई लुइस अँड द न्यूज’वर. वाचताना जीव कंटाळतो आणि तो कंटाळा लेखकाने जाणून आणलेला आहे, कारण त्याच सपाट सुरात पुढे खून येतो. सिनेमात प्रकरणभर कंटाळा आणता येत नाही, प्रेक्षक उठून जातो. म्हणून त्यांनी दोन्ही एकाच प्रसंगात घातलं. समोर दारू प्यायलेला सहकारी, जमिनीवर पसरलेले पेपर, अंगात पारदर्शक रेनकोट, आणि बेटमन ह्यूई लुइसच्या गाण्याचं रसग्रहण करता करता कुऱ्हाड उचलतो. घाव बसताना दिसत नाही. रक्त उडतं ते त्याच्या तोंडावर, आणि कॅमेरा त्या तोंडावरून हलत नाही. पुस्तकाचा सूर पडद्यावर आला तो असा.

दुसरी गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. पुस्तक प्रथमपुरुषी निवेदनात आहे, सगळं ‘मी’ म्हणून बेटमनच सांगतो. बाईच्या मनात काय चाललंय ते बेटमनच्या परवानगीशिवाय आपल्याला कळूच शकत नाही, आणि त्याला त्यात काडीचाही रस नाही. कॅमेऱ्याला ती परवानगी लागत नाही. ख्रिस्टी नावाच्या रस्त्यावरच्या बाईला तो दुसऱ्यांदा गाठतो, तेव्हा ती मागे सरते. पहिल्या वेळचं तिच्या अंगाला आठवतंय. तो नोटा पुढे करतो आणि आपण तिचा चेहरा बघतो, पैसा आणि भीती यांची झटापट चाललेला. सिनेमाच्या शेवटाकडे त्याची सेक्रेटरी जीन त्याची डायरी उघडते आणि आतली चित्रं बघते. त्या खोलीत बेटमन नाहीच. निवेदकाच्या पाठीमागे जाऊन त्याची वही उघडायची मुभा फक्त पडद्याला असते. कथानकाला धक्का न लावता हॅरनने बघणारे डोळे बदलले.

सगळं साधलं असंही नाही. प्रेक्षक हे सगळं स्वप्न होतं असं समजून बाहेर पडतात, तसं मला म्हणायचं नव्हतं, शेवट माझ्या हातून चुकला, असं हॅरनने पुढे जाहीरपणे सांगितलं आहे. कागदावर ‘झालं की नाही’ हा संशय शेवटच्या ओळीपर्यंत ताणता येतो. पडद्यावर दिसलेलं खरं तरी वाटतं, नाहीतर खोटं. आणि या पुस्तकाचा सिनेमा व्हायची गरज नव्हती असं खुद्द एलिसनेही बोलून दाखवलंय. तुझ्या कादंबरीच्या शेवटीही तोच संशय आहे. १३१ व्या पानावर मी प्रश्नचिन्ह केलंय ते त्यासाठीच.

आता तू म्हणशील, म्हणजे कमी दाखवायचं. तसा नियम करू नकोस. रॉबर्ट ब्लॉकच्या १९५९ च्या ‘सायको’त न्हाणीघरातला खून दोन वाक्यांत उरकतो, त्यात त्या बाईचं मुंडकंच उडतं. हिचकॉकने १९६० साली आलेल्या त्याच्या सिनेमात तेवढ्यासाठी सात दिवस चित्रीकरण केलं आणि पडद्यावर पाऊण मिनिट घेतलं. त्याने प्रसंग वाढवला, पण मुंडकं गाळलं. ब्लॉकचा खुनी नॉर्मन चाळिशीचा, लठ्ठ, चष्मा लावणारा आणि दारू पिणारा. पटकथाकार जोसेफ स्टेफानोने त्याला तरुण आणि लाजाळू केलं, कारण पुस्तकातल्या माणसाचा संशय पडद्यावर पहिल्या मिनिटाला आला असता.

आणि गाळलेलं कुठे जातं, ते बघायचं तर ‘लेट द राइट वन इन’ बघ. योन आयविदे लिंडक्विस्टची ही स्वीडिश कादंबरी २००४ ची, टॉमस आल्फ्रेडसनचा सिनेमा २००८ चा, आणि पटकथा लेखकाची स्वतःचीच. कादंबरीत एली या रक्तावर जगणाऱ्या पोरीबरोबर राहणारा होकान हा मुलांकडे वासनेने बघणारा माणूस आहे, हे उघड लिहिलंय. सिनेमात त्याबद्दल अवाक्षर नाही. एक थकलेला प्रौढ माणूस त्या पोरीसाठी रक्त आणतो, एवढंच. का आणतो, हे विचारायचं ओझं लेखकाने आपल्यावर टाकलं. एलीवर शेकडो वर्षांपूर्वी काय अत्याचार झाला त्याची कादंबरीत सविस्तर हकीकत आहे. सिनेमात तिच्या शेजारचा मुलगा ऑस्कर दाराच्या फटीतून बघतो आणि एक व्रण क्षणभर दिसतो. ‘मी मुलगी नाही’ हे वाक्य एली आधीच बोलून गेलेली असते, आपल्याला ते तेव्हा उमगलेलं नसतं. लेखकाने स्वतःच्या पुस्तकातली पानंच्या पानं कापली, पण त्यांचं वजन ठेवलं. तुझ्या संहितेत तू वडिलांच्या भूतकाळाचा फ्लॅशबॅक घातला आहेस, तो मला याच कारणासाठी नको वाटतो.

इथे माझं एक सांगते. फार वर्षांपूर्वी एका मालिकेचं संकलन करत होते. भयकादंबरीवरचीच. त्यात एका मुलीला छळण्याचा प्रसंग होता आणि मी तो लांबवला, कारण दिग्दर्शकाला तो ‘कडक’ हवा होता आणि मलाही आपण मऊ पडलो असं दिसायला नको होतं. डबिंगला ती मुलगी आली. विशीतली असेल. स्वतःचंच चित्र बघत तिला पुन्हा पुन्हा किंचाळायचं होतं. चौथ्या वेळी तिने हेडफोन काढून मला विचारलं, “ताई, हे एवढं लांब कशासाठी आहे?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी दिग्दर्शकाचं नाव पुढे केलं. त्याची मला अजून लाज वाटते. कागदावर कुणाच्या अंगाला काही होत नाही. तुझी सात पानं मात्र कुणीतरी चालत्याबोलत्या मुलीने थंडगार फरशीवर पडून, बहुधा दोन रात्री, पुन्हा पुन्हा करायची आहेत. प्रत्येक ओळीपुढे तुझ्याकडे तिला देण्यासारखं उत्तर असू दे. सेटवर इंटिमसी कोऑर्डिनेटर, म्हणजे असे अंगावरचे प्रसंग नटांना सांभाळून बसवणारी बाई, हवी हे निर्मात्याला आत्ताच सांग, बजेट ठरल्यावर कुणी ऐकत नाही.

व्यवहाराचं थोडक्यात. लेखक जाऊन बरीच वर्षं झाली, पण आपल्या कॉपीराइट कायद्यात मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतात. त्यांचा तोंडी होकार पुरणार नाही, करार लेखी हवा. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. तुझा सिनेमा बाहेरच्या महोत्सवांत जावा असं मला वाटतं, म्हणून दोन्ही लिहून घे. कलम ५७ सुद्धा वाचून ठेव. मन्नू भंडारींच्या ‘आपका बंटी’वरच्या सिनेमावरून १९८६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जे झालं ते त्याच कलमावर. माध्यमासाठी बदल करता येतात, मूळ कृतीची मोडतोड करता येत नाही.

सेन्सॉरचा विचार या खर्ड्यात करू नकोस. ‘ए’ प्रमाणपत्र मिळेल असं धरून चाल. मंडळ कशाला हात लावेल याचा अंदाज तसाही बांधता येत नाही. ‘अमेरिकन सायको’च्या वेळी अमेरिकेतल्या मंडळाला कुऱ्हाड चालली आणि शय्येचा एक प्रसंग खटकला. त्यातले काही सेकंद कापल्यावर हवं ते प्रमाणपत्र मिळालं.

शनिवारी सकाळी ये. घरी मीच असेन, निवांत बसू. तळघराची सात पानं मी फाइलमधून काढून वेगळी ठेवली आहेत. त्या प्रसंगात जिन्याच्या वरच्या पायरीवर कंदील धरून उभी असलेली एक कामाची पोर आहे. निवेदक तिचा एकदाच उल्लेख करतो, तोही कंदील हलतोय म्हणून चिडून. तुझ्या संहितेत ती ‘पोर’ एवढीच आहे आणि तिला एकही शॉट नाही. तिला खाली काय दिसतं, काय नुसतं ऐकू येतं आणि ती पळून का जात नाही, हे लिहून आण. दीड पान पुरे. आणि येताना तिचं नाव ठरवून ये.

तुझी,
ताई