तिथी बघा, मग दुर्बीण काढा

या वेळी आलेली बहुतेक पत्रं एकाच विषयावरची आहेत: भातकापणी उरकल्यावर कोकणातल्या शेतांत उतरणारी पाखरं. मी राहते अलिबागच्या खारेपाटात, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या शेतजमिनीत. घरामागे शेत, शेतापुढे बांध, बांधापलीकडे धरमतरची खाडी. तेव्हा उत्तरं इथल्या अनुभवाची आहेत, दक्षिणेकडच्यांनी थोडा फरक धरून वाचावीत.

प्रश्न : ताई, डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही अलिबागला आलो होतो. रोज पहाटे उठून खाडीकाठच्या शेतांवर गेलो, पण बगळे आणि टिटव्या सोडून काही दिसलं नाही. चिखल्या, तुतारी, कोरल यांचं नावही नाही. जागा चुकली का? (एक वाचक, नाशिक)

जागा बरोबर होती, वेळ चुकली. रानातल्या पाखरांसाठी पहाट ठीक आहे. खाडीवरची पाखरं भरती-ओहोटीवर चालतात. ओहोटीला चिखल उघडा पडतो, त्यात किडे, शिंपल्या, बारके खेकडे असतात, आणि सगळी पंगत तिथे बसते. तेव्हा शेतात कोण कशाला येईल? भरतीने चिखल बुडाला की त्यांना बसायला कोरडी, मोकळी, कुत्रं किंवा ससाणा लांबून दिसेल अशी जागा लागते. कापलेल्या भाताचं शेत म्हणजे नेमकी ती जागा.

भरती कधी ते कळायला मोबाइल लागत नाही. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच, आणि दिवसाला एक तशी रात्रीला एक. माझे सासरे याच हिशेबाने उघाडीवर, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दारावर, जायचे, त्यामुळे आमच्याकडे पंचांग देवघरात नसे, ओटीवरच्या खिळ्याला असे. हा हिशेब मुंबई-अलिबागचा. रत्नागिरी-मालवणकडे भरती थोडी आधी येते.

आता यातली मेख. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. पाणी पुरतं चढत नाही, चिखलाचा पट्टा उघडा राहतो, आणि पाखरांना शेतात यायची गरजच पडत नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण खरं, पण ते भर दुपारी बाराच्या सुमारास. ढेकळांवरून ऊन थरथरत असतं, दुर्बिणीतून सगळंच पाण्यातलं दिसतं. म्हणून माझी पसंती द्वादशी-त्रयोदशीला. भरती नऊ ते पावणेदहाला, पाण्याला जोर आलेला आणि ऊन अजून कोवळं. तासभर आधी जाऊन सूर्य पाठीशी घेऊन बांधावर बसा. फिरू नका, बसा.

पहिल्यांदा काहीच दिसणार नाही. मग एक ढेकूळ चार पावलं पळेल, थांबेल, वाकून काहीतरी उचलेल आणि पुन्हा ढेकूळ होईल. तो सोनचिखल्या, सैबेरियाच्या टुंड्रातून आलेला. पाठीवर पिवळसर सोनेरी ठिपके असतात, आणि वाळलेल्या धसकटांत ते असे मिसळतात की एक सापडल्यावर त्याच्या आजूबाजूचे हळूहळू दिसायला लागतात. थवा विश्रांतीला बसलेला असला तर सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. कोरल मात्र लपत नाही. एवढी लांब, खाली वाकलेली चोच लपवणार कुठे?

तुम्ही आलात त्या दिवसांच्या तिथ्या कॅलेंडरात काढून बघा. सकाळी ओहोटी असणार, पैज लावते.

आणि एक सांगते. बांधावरून चाला, वालाच्या वाफ्यातून नको. फोटोच्या नादात लोक उभं पीक तुडवतात, आणि जानेवारीत मडक्यातल्या पोपटीला शेंगा मात्र हव्या असतात.

प्रश्न : आमच्याकडे खारजमीन नाही, वायंगण (पावसाळ्यानंतर पाण्यावर घेतलेलं दुसरं भात) आहे. शाळेतल्या मुलांना धोबी पक्षी दाखवायचेत, पण मलाच सगळे एकसारखे वाटतात. (एक शिक्षिका, कुडाळ)

वायंगण असताना तुम्ही खारेपाटाचा हेवा करू नये! मुलांना चिखलणीच्या दिवशी न्या. पॉवर टिलर सुरू झाला की पाठोपाठ गायबगळे, ढोकरी, वर तारेवर कोतवाल, आणि अगदी चाकामागच्या पाण्यात धोबी. त्या दिवशी ती माणसाला फारशी भीत नाहीत, जवळून बघता येतात.

ओळखायला मुलांना आधी पाठ बघायला सांगा, पोट नंतर. पिवळं पोट तिघांना असतं, म्हणून तिथून सुरुवात केली की गोंधळ. पाठ हिरवट-तपकिरी असेल तर पिवळा धोबी. पाठ राखाडी असेल तर दोन शक्यता. गालाभोवती फिकट कडं आणि पंखावर दोन ठळक पांढऱ्या पट्ट्या असल्या तर लिंबू धोबी. तसं काही नाही, शेपूट भलती लांब, आणि शेतापेक्षा व्हाळाच्या वाहत्या पाण्याशी जास्त सलगी, तर करडा धोबी. पिवळ्या धोब्याची पिल्लं पहिल्या हिवाळ्यात जेमतेम पिवळी असतात. तिथे मुलं भांडतील, भांडू द्या.

काळा-पांढराही दोन प्रकारचा. राखाडी पाठीचा, छातीवर काळा डाग असलेला पांढरा धोबी हिवाळी पाहुणा. डोकं आणि पाठ काळी, डोळ्यावर ठसठशीत पांढरी भुवई असलेला मोठा धोबी इथलाच, बारमाही. देवळाच्या तळ्यावर, विहिरीच्या कठड्यावर दिसतो तो हा.

मार्चमध्ये पुन्हा एकदा न्या. तोवर पिवळ्या धोब्यांच्या नरांची डोकी बदलायला लागतात. कोणाचं काळं, कोणाचं राखाडी. वीण उत्तरेकडे कुठे होते त्यावर तो रंग ठरतो, म्हणजे एकाच वाफ्यात निरनिराळ्या मुलखांचे धोबी. भूगोलाच्या तासाला यापेक्षा चांगलं काय दाखवणार?

प्रश्न : शेतावरून अगदी खालून, हळू उडणारा तपकिरी पक्षी रोज येतो. डोकं पिवळसर. घरचे म्हणतात, कोंबड्या नेईल, हाकला. (एक शेतकरी, गुहागर)

तो दलदली भोवत्या. तुम्ही सांगता तशी तपकिरी अंगाची, फिकट डोक्याची ती मादी किंवा वयाने लहान पक्षी. उडताना पंख वर उचलून इंग्रजी 'व्ही'सारखे धरतो, घार तसे धरत नाही. उंदीर, बेडूक, पाणथळीतली लहान किंवा जखमी पाखरं हे त्याचं खाणं. अंगणातल्या कोंबड्यांवर डोळा ठेवायचा असेल तर तो मुंगसावर ठेवा. कुळथाच्या शेतातले उंदीर हा फुकट खातो, येऊ द्या.

प्रश्न : काही वर्षांपूर्वी आमच्या बांधाला खांड गेली (बांध फुटला), दुरुस्ती झाली नाही, शेतात तिवरं (खारफुटीची झाडं) उगवली. शहरातून आलेले एक पक्षीनिरीक्षक म्हणाले, छान झालं, पक्षी वाढले. तुम्हाला काय वाटतं? (एक वाचक, पेण)

मला राग येतो. कोणाचं भाताचं शेत खारं झालेलं बघून 'छान' म्हणण्याआधी माणसाने त्याच्या ओटीवर बसून चहा घ्यावा.

पक्षी वाढले हेही अर्धंच खरं. बदलले म्हणा. कोरड्या शेतातले चंडोल, तिरचिमण्या, काठीच्या टोकावर बसणारा गप्पीदास, वरून एका जागी फडफडत उभी राहणारी खरूची आणि कडधान्यावर येणारे काळ्या डोक्याचे भारीट गेले. हे भारीट जवळजवळ सगळेच्या सगळे हिवाळ्याला भारतातच येतात, त्यामुळे इथलं शेत गेलं तर त्यांना दुसरा मोठा आसरा नाही. त्यांच्या जागी बगळे, तुतारी, खंड्या आले. पुढे तिवरं दाटली की तुतारीही जाईल, कारण तिला उघडा चिखल लागतो.

तिवरांशी माझं वैर नाही. बांधाच्या खाडीकडच्या अंगाला ती असली की लाटेचा मार बांधावर येत नाही, हे इथल्या कोणालाही विचारा. 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिवरतोडीला चाप लावला तो योग्यच होता. पण बांधाच्या आतलं शेत, केवळ खांड वेळेवर बुजवली नाही म्हणून, कायमचं तिवरांखाली जावं यात निसर्गाचा काही विजय नाही. खांड लहान असताना माती, दगड आणि चार घरची माणसं पुरतात. भरत्या आत-बाहेर करू लागल्या की ती रुंदावत जाते. तेव्हा तुमच्या शेजारच्या बांधाकडे आत्ताच बघा. पाऊस संपून जमीन वाळली की कामाला लागायचे हेच महिने.

प्रश्न : पहिली दुर्बीण कोणती घ्यावी? (एक वाचक, ठाणे)

आठ बाय बेचाळीस. म्हणजे आठपट मोठं दिसतं आणि पुढचं भिंग 42 मिलिमीटरचं. दहापटीची घेऊ नका, हात थरथरला की चित्रही जास्त थरथरतं. उरलेल्या पैशांत टोपी आणि चिखलात चालणारे बूट.

प्रश्न : किनाऱ्यालगतच्या शेतात मेलेला पक्षी मिळाला, पायात धातूची कडी आहे. काय करावं? (एक वाचक, श्रीवर्धन)

कडीवरची सगळी अक्षरं आणि आकडे जसेच्या तसे उतरवून घ्या, जवळून फोटो काढा. भारतात घातलेल्या कड्यांवर बहुधा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवण्याची सूचना कोरलेली असते. ही मुंबईची संस्था 1883 पासूनची आहे, आणि 1959 पासून तिने मोठ्या प्रमाणावर पक्ष्यांना कड्या घातल्या. परदेशी कडी असली तरी त्यांनाच कळवा. तारीख, गावाचं नाव, शेत की पुळण, हे लिहा. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका, पिशवी हातात घालून उचला. आणि कधी जिवंत पक्ष्याच्या पायात कडी दिसली तर ती काढायची नाही, फक्त वाचायची.