दूरच्या विश्वाचा अभ्यास करून माणसाला प्रत्यक्षात काय मिळतं?

तुमचा प्रश्न असा आहे: अब्जावधी प्रकाशवर्षं दूरच्या दीर्घिका आणि कृष्णविवरं यांच्यापर्यंत आपण कधीच पोचणार नाही, त्यांचा आपल्या जगण्यावर काही परिणामही होत नाही, मग त्यांच्यावर एवढा खर्च कशासाठी? प्रश्न रास्त आहे. ‘ज्ञानासाठी ज्ञान’ एवढं म्हणून तो टोलवू नये असं मला वाटतं. मी खगोलशास्त्रज्ञ नाही, भूमापनाच्या क्षेत्रात काम करतो. पण माझ्या कामाचा पाया त्याच दूरच्या वस्तूंवर उभा आहे, म्हणून लिहितो आहे.

मोबाइलमधला नकाशा घ्या. उपग्रहांकडून येणाऱ्या संदेशांवरून फोन आपली जागा शोधतो, इथवर बहुतेकांना माहीत असतं. पण उपग्रहाच्या कक्षेचं गणित अवकाशात मांडलेलं असतं आणि आपण उभे असतो फिरत्या पृथ्वीवर. या घडीला पृथ्वी नेमकी किती वळली आहे हे कळल्याशिवाय दोन्हींचा मेळ बसत नाही. आणि पृथ्वीचं फिरणं एकसारखं नसतं. वारे, सागरी प्रवाह, पोटातला द्रवरूप गाभा यांच्यामुळे दिवस मिलीसेकंदाच्या आसपास लहानमोठा होत राहतो. ध्रुवसुद्धा काही मीटरांच्या परिसरात भटकत असतात. विषुववृत्तावरची जमीन सेकंदाला सुमारे ४६५ मीटर सरकते, म्हणजे एका मिलीसेकंदाची चूक जवळजवळ अर्ध्या मीटरची होते. रोज तेवढी भर पडत गेली तर काय होईल याचा हिशेब तुम्हीच करा.

हे उपग्रहांवरूनच का मोजत नाहीत? कारण उपग्रहांच्या कक्षाही हळूहळू वळत असतात. पृथ्वी थोडी जास्त फिरली की कक्षाच थोडी सरकली, हे फक्त उपग्रहांकडे पाहून वेगळं काढता येत नाही. बाहेरची, न हलणारी खूण लागते. तारे त्या कामाला पुरत नाहीत, कारण ते आपल्याच आकाशगंगेत फिरत असतात आणि बारीक मोजमापात त्यांचं सरकणं दिसतं. धावत्या गाडीतून जवळची झाडं पळताना दिसतात आणि लांबचा डोंगर जागचा हलत नाही, तसाच हा प्रकार आहे.

तो डोंगर म्हणजे क्वेसार. दूरच्या दीर्घिकेच्या केंद्रात महाकाय कृष्णविवर असतं, त्यात कोसळणारं द्रव्य भयंकर तापतं आणि अख्ख्या दीर्घिकेपेक्षा जास्त तेजाने झळकतं. १९६३ साली खगोलशास्त्रज्ञ मार्टेन श्मिट यांनी ३सी २७३ या वस्तूच्या वर्णपटातल्या, म्हणजे प्रकाश रंगांत विभागल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यातल्या, चक्रावून टाकणाऱ्या रेषांचा उलगडा केला, आणि ताऱ्यासारखा दिसणारा तो ठिपका दोन अब्ज प्रकाशवर्षांहूनही दूर असल्याचं समजलं. श्मिट यांना त्या वर्णपटाचं कोडं सोडवायचं होतं, नकाशाशी त्यांचा काही संबंध नव्हता.

आज वेगवेगळ्या खंडांवरच्या रेडिओ दुर्बिणी एकाच वेळी एकाच क्वेसारकडे रोखल्या जातात. त्याची रेडिओ लहर एका दुर्बिणीवर आधी पोचते, दुसरीवर किंचित नंतर. हा फरक अणुघड्याळांच्या मदतीने सेकंदाच्या एक अब्जांश भागापेक्षाही बारीक मोजतात. अनेक क्वेसारांची अशी निरीक्षणं एकत्र केली की पृथ्वी किती वळली, तिचा अक्ष कुठे रोखला आहे आणि त्या दुर्बिणींमधलं अंतर किती, हे सगळं हाती येतं. १ जानेवारी १९९८ पासून आकाशाची अधिकृत संदर्भचौकट, म्हणजे जागा आणि दिशा ज्या खुणांवरून मोजतात ती चौकट, ताऱ्यांवरून काढून या दूरच्या रेडिओ स्रोतांवर बसवली आहे. २०१९ पासून लागू असलेल्या आवृत्तीत असे ४,५३६ स्रोत आहेत आणि त्यांपैकी ३०३ मुख्य खुणा मानले जातात.

याच पद्धतीने युरोप आणि उत्तर अमेरिका दरवर्षी सुमारे दोन सेंटिमीटरने एकमेकांपासून दूर जात असल्याचं थेट मोजता आलं. समुद्राची पातळी वर्षाला तीन-चार मिलिमीटरने वाढते आहे, हे सांगणाऱ्या उपग्रहांनाही आपण नेमके कुठे आहोत हे याच चौकटीच्या आधारे कळतं. चौकट काही मिलिमीटरने डळमळली तर समुद्र चढला की मोजपट्टीच सरकली, हे ठरवता येणार नाही. किनाऱ्यावरच्या कोट्यवधी लोकांच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. पृथ्वीवरच्या अशा सामायिक संदर्भचौकटीसाठी देशांनी सहकार्य करावं, असा ठराव २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने केला, तो उगीच नाही.

तेव्हा ‘इतकं दूर आहे, मग उपयोग काय’ या तुमच्या म्हणण्याला माझं उत्तर असं की क्वेसार उपयोगी पडतात ते दूर असल्यामुळेच. जवळची कुठलीही वस्तू त्यांचं काम करू शकत नाही.

आता बाकीचं थोडक्यात. नकाशासाठी संदेश पाठवणाऱ्या उपग्रहांवरची घड्याळं सापेक्षतेमुळे, म्हणजे वेग आणि गुरुत्वाकर्षण यांनुसार काळाची गती बदलत असल्यामुळे, जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि ती दुरुस्ती करावी लागते, हे उदाहरण तुम्ही ऐकलं असेल. सीटी स्कॅनचं नावही अशा चर्चेत येतं. रोनाल्ड ब्रेसवेल या रेडिओ खगोलशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये पट्ट्या-पट्ट्यांनी घेतलेल्या मोजमापांतून पूर्ण चित्र कसं उभं करायचं याचं गणित मांडलं, आणि त्याची पुढची सुधारित रीत सीटी स्कॅनमध्ये वापरली गेली. पण सीटी स्कॅनसाठी १९७९ चं नोबेल मिळालेले कॉरमॅक आणि हाउन्सफील्ड आपापल्या वाटेने तिथे पोचले होते. खगोलशास्त्र नसतं तर हे यंत्र झालंच नसतं, असं मी म्हणणार नाही. जोडफायद्यांच्या लांबलचक याद्या देऊन या विषयाची बाजू मांडली जाते तेव्हा मला ती बाजू लंगडीच वाटते.

त्याहून पटणारी गोष्ट चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेची आहे. ८.४ मीटरचा आरसा आणि ३,२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा, आणि मुख्य हेतूंपैकी एक म्हणजे अब्जावधी दीर्घिकांवरून कृष्णद्रव्य (न दिसणारं, पण गुरुत्वाकर्षणातून जाणवणारं द्रव्य) आणि कृष्णऊर्जा (विश्वाचं प्रसरण वाढवणारी मानली जाणारी ऊर्जा) समजून घेणं. जून २०२५ मध्ये तिची पहिली चित्रं आली. सुमारे दहा तासांच्या निरीक्षणांत आधी कधीच न दिसलेले २,१०४ लघुग्रह सापडले, त्यांतले सात पृथ्वीजवळून जाणाऱ्या गटातले. धोका कुणाचाच नाही. पण उद्या एखादा धोकादायक लघुग्रह निघालाच, तर तो वेळेत दिसण्याची शक्यता याच दुर्बिणीमुळे वाढते. चित्र तेच असतं: त्यातल्या अंधुक दीर्घिका विश्वरचनेच्या अभ्यासाला जातात आणि हलणारे ठिपके आपल्या सुरक्षेच्या.

सगळ्याच संशोधनाचा असा उपयोग दाखवता येतो का? नाही. विश्वाचं प्रसरण वेगाने वाढत आहे हे १९९८ मध्ये कळलं. त्याचा व्यवहारात काय उपयोग, असं विचाराल तर आज काहीच नाही, आणि कदाचित कधीच नसेल. तरीही ते शोधायला हवं होतं असं मी ठामपणे म्हणेन. आपल्या रक्तातलं लोह ताऱ्यांच्या पोटात आणि स्फोटांत घडलं, हे माहीत असलेला माणूस आणि नसलेला माणूस यांना जग सारखं दिसत नाही. ही किंमत पैशांत मांडता येत नाही, म्हणून ती शून्य धरायची हे मला मान्य नाही.

पैशांचंच बोलायचं तर जेम्स वेब दुर्बिणीला सुमारे १,००० कोटी डॉलर लागले, तेही वीसहून अधिक वर्षांत विभागून. जग लष्करावर दरवर्षी दोन लाख कोटी डॉलरहून जास्त खर्च करतं. दुर्बिणी बंद करून गरिबी हटेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

मला खरी काळजी वेगळीच आहे. क्वेसारांच्या लहरी आपल्यापर्यंत पोचतात तेव्हा अतिशय क्षीण झालेल्या असतात, आणि आपणच सोडलेल्या हजारो दळणवळण उपग्रहांचा रेडिओ गोंगाट त्यांच्यावर पसरतो आहे. पृथ्वीचं फिरणं मोजणाऱ्या दुर्बिणी आधीच मोजक्या आहेत. त्या दुर्बिणींसाठी काही रेडिओ वारंवारिता मोकळ्या ठेवणं आणि उपग्रह बांधतानाच त्यांच्यातून होणारी रेडिओ लहरींची गळती रोखणं हे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. नियम करणाऱ्यांनी ते आत्ताच सक्तीचं करायला हवं, कारण त्या उपग्रहांच्या स्वतःच्या कक्षांचं गणितही याच मोजमापांवर चालतं.