मित्राला नाकारलं तर मी वाईट ठरेन का?

"मी कुणालाही निवडलं तरी बाकीचे म्हणणार, आपल्याच माणसाला घेतलं." मी समुपदेशन करते; हे वाक्य माझ्याकडे वरचेवर येतं. कधी कॉलेजच्या महोत्सवाची सूत्रं हाती आलेली मुलगी ते बोलते, कधी क्रिकेट संघाचा कप्तान. अलीकडे ऑनलाइन गेमिंगची कम्युनिटी चालवणारी मुलं जास्त येतात. पालकांना हा पोरखेळ वाटतो. मला वाटत नाही. विनामोबदला राबायला पुढे आलेल्याला 'नको' म्हणणं फार जड जातं, कारण त्याने देऊ केलेली असते ती आपुलकी.

फोंड्याकडचा इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी आईसोबत आला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) झोप उडालेली, जेवणावरून मन उठलेलं. माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी घरं बांधायच्या खेळाचा सर्व्हर तो चालवत होता. तिथे खेळणाऱ्या मुलांची संख्या वाढली होती, तशी डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवरची भांडणंही. शिस्त सांभाळणारे चार नवे मॉडरेटर हवे होते. अर्ज वीसच्या वर आले आणि त्यात शाळेपासूनच्या जिवलग मित्राचाही होता. निकालाची तारीख तो पुढे ढकलत होता.

"कुणाला घ्यावं ते कळत नाही का?"

"कळतं, मॅडम. सांगवत नाही."

"मित्र मॉडरेटर म्हणून कसा?"

"माझ्याशी कुणी वाद घातला की लगेच म्हणतो, बॅन कर त्याला." जरा थांबून म्हणाला, "मला तसा नकोय."

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते. अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात ती मांडली. आपली इच्छा हट्ट कधी बनते, हे ती शोधायला लावते. सगळ्यांनी आपल्याला न्यायी म्हणावं ही इच्छा रास्त आहे. म्हटलंच पाहिजे हा हट्ट, आणि त्याची झोप या हट्टाने उडवली होती. हे त्याला पटलं, पण डोक्यापुरतं. पुढच्या भेटीला चेहरा तसाच.

मग मी विषय बदलला. "तुमच्या गावात जत्रेला नाटक बसतं ना? भूमिका कोण ठरवतं?"

तो पहिल्यांदा मोकळा हसला. "ठरवायचं काय? ठरलेलंच असतं. मी दोन वर्षं तालमीला बसलो. भूमिका मिळाली तिसऱ्यालाच."

"राग कशाचा आला? भूमिका गेली त्याचा?"

तो बराच वेळ पंख्याकडे बघत राहिला. "नाही. तो माझ्यापेक्षा चांगलं बोलायचा. पण मला विचारलंच नाही कुणी. एकदा वाचून दाखव म्हणाले असते, तर मी गप्प बसलो असतो." आणि मग माझ्याकडे वळून, "म्हणजे मुलांना नकार नाही बोचत, मॅडम. आधीच ठरलेलं असतं ते बोचतं."

हे त्याचं त्याने शोधलं. प्रश्न नेमक्या वेळी विचारला गेला, याचं समाधान मात्र माझं. मानसशास्त्रज्ञ जेराल्ड लेव्हेन्थल यांनी १९८० मध्ये न्याय्य प्रक्रियेच्या कसोट्या मांडल्या. सगळ्यांना एकच नियम, ठरवणाऱ्याचा स्वार्थ बाजूला, निर्णयामागे खरी माहिती, चूक दुरुस्त करायची सोय, अशा त्या आहेत. जत्रेच्या नाटकाने पोराला त्यातल्या बहुतेक शिकवल्या होत्या.

नंतरचं काम भराभर झालं. निकष त्याने आधी जाहीर केले आणि सगळ्या अर्जदारांना एकच प्रसंग दिला: एका मुलाने दुसऱ्याचं बांधलेलं घर फोडलं, आणि आता तो म्हणतो, अकाउंट माझ्या भावाकडे होतं. तुम्ही काय कराल? नावं झाकून उत्तरांना गुण दिले दोन जुन्या मॉडरेटरांनी. मित्राचा अर्ज होता म्हणून तो स्वतः गुण देण्यातून बाजूला राहिला. बहुतेकांनी 'कायमचा बॅन' लिहिलं. चॅटमध्ये फारशी न बोलणाऱ्या डिचोलीच्या एका मुलीने लिहिलं, "आधी कोअरप्रोटेक्टमध्ये (सर्व्हरवरच्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) कुणी कोणता ब्लॉक कधी फोडला ते बघेन. रोलबॅक करून घर परत उभं करेन. मग त्या मुलाला खाजगीत सांगेन, अकाउंट तुझं, तेव्हा जबाबदारीही तुझी." सर्वांत जास्त गुण तिला पडले. नावं उघडेपर्यंत कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मोकळेपणाने निवड केली असती तर तिचं नाव त्याला सुचलंही नसतं, हे त्यानेच कबूल केलं.

तुमच्यावर अशी वेळ आली तर दोन गोष्टी मी आग्रहाने सांगेन. निवडलेल्यांना पहिल्याच दिवशी सगळे अधिकार देऊ नका. डिस्कॉर्डवर ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी म्हणजे घराच्या सगळ्या किल्ल्या. सुरुवातीला टाइमआउट देण्याइतकाच, म्हणजे एखाद्याचं बोलणं तात्पुरतं बंद करण्याइतकाच अधिकार पुरे, आणि मुदत ठरवून द्या, म्हणजे पुढच्या फेरीत इतरांना दार उघडं राहतं. दुसरं, नाकारलेल्या प्रत्येकाला कारण कळवा, त्याच्याच उत्तरातलं. 'यंदा स्पर्धा फार होती' असलं गुळमुळीत लिहू नका. आणि जवळच्या माणसाला यादी लागण्याआधी भेटून सांगा.

त्याने तसं केलं. फर्मागुडीला चहाच्या गाड्यावर मित्राला त्याचं उत्तर दाखवलं, गुण दाखवले. मित्र चहा अर्धा टाकून उठला आणि कितीतरी दिवस त्याने फोन उचलला नाही. मुलगा माझ्याकडे आला तो खिन्न होता, पण झोपत होता. "तो रागावलाय, मॅडम," म्हणाला, "पण मी चुकलो नाही."

तीन महिन्यांनी नवी फेरी निघाली. मित्राने पुन्हा अर्ज भरला आहे, आणि या वेळीही गुण इतरच देणार आहेत.