मलेशियात लग्नासाठी ‘कागदोपत्री’ धर्मांतर करण्याआधी

तुम्ही विचारलंत की नोकरीसाठी क्वालालंपूरला येऊन तिथल्या मुस्लिम सहकाऱ्याशी लग्न करायचं, तर धर्मांतराची सक्ती होते का, की ते फक्त कागदोपत्री असतं? मी इथे चौदा वर्षं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नोकरीसाठी आलेल्या माणसाला इथे कुणी धर्म बदलायला लावत नाही. जबरदस्तीला इस्लामी कायद्यात ‘इक्राह’ म्हणतात, आणि त्यावर फार जुनी, बारकाईची चर्चा आहे. ‘धर्मात सक्ती नाही’ ही कुराणातली आयत (२:२५६) तुम्ही ऐकली असेल. इस्लामी कायद्याच्या हन्बली पंथाचे विद्वान इब्न कुदामा (मृत्यू १२२३) तर स्पष्ट लिहितात: अभय घेऊन आलेल्या परक्याकडून, म्हणजे ‘मुस्तअमिन’कडून, जबरीने इस्लाम कबूल करवून घेतला तर तो मुसलमान ठरत नाही. व्हिसावर येणारे आपण जवळपास तेच, म्हणून ते वाचून मला खरंच धीर आला होता. इथल्या संघीय प्रदेशांच्या (यात क्वालालंपूरही येतं) १९९३च्या कायद्यातही शहादा, म्हणजे इस्लाम स्वीकारताना म्हणायची श्रद्धेची ग्वाही, अर्थ समजून आणि स्वेच्छेने म्हटलेली असावी लागते.

आणि माझी काळजी नेमकी त्या ‘स्वेच्छेने’चीच आहे.

इथे मुस्लिम पुरुषाला ‘किताबिया’, म्हणजे कायद्यात बसणारी ठराविक ज्यू किंवा ख्रिश्चन स्त्री, सोडून दुसऱ्या कुठल्याही बिगरमुस्लिम स्त्रीशी लग्न करता येत नाही. हिंदू बाई त्यात बसत नाही. म्हणजे धर्म बदलल्याशिवाय लग्न नाही. पण कायदा याला सक्ती मानत नाही, कारण लग्नाला नाही म्हणायची मोकळीक तुम्हाला असतेच. घरच्यांचा आग्रह, त्याचं रडणं, ठरलेली तारीख, यातलं काहीही इक्राहमध्ये धरत नाहीत. तुम्ही सही केलीत की ती तुमच्या मर्जीची.

पुढे इस्लाम सोडायचा झाला, तर परतीची वाट शरिया न्यायालयातून जाते. ख्रिश्चन झालेल्या लीना जॉय यांच्या ओळखपत्रावरचा ‘इस्लाम’ हा शब्द त्या न्यायालयाच्या आदेशाशिवाय काढता येणार नाही, असं संघीय न्यायालयाने, म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने, २००७ साली दोन विरुद्ध एक मतांनी ठरवलं. पुढच्याच वर्षी पेनांगच्या शरिया न्यायालयाने एका चिनी वंशाच्या बाईला इस्लाम सोडू दिला. तिने लग्नासाठी धर्म बदलला होता, पण पाळला कधीच नव्हता. असा निकाल क्वचितच लागतो, त्याच्या भरवशावर राहू नका.

मुलंही जन्मापासून मुस्लिमच धरली जातील.

मनापासून इस्लाम स्वीकारायचा असेल तर जरूर स्वीकारा, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण ‘सही कर, पुढचं पुढे बघू’ असं कुणी म्हणत असेल तर थांबा. नोंदणीच्या आधी एखादा ‘पेगुआम शारी’, म्हणजे शरिया वकील गाठा, आणि तो तुम्ही स्वतः शोधलेला असू दे, होणाऱ्या नवऱ्याच्या घरच्यांनी सुचवलेला नको.