छंदावरचा खर्च कुठे फळतो?

प्रश्न : मला जलरंगांची आवड आहे. आठ महिन्यांत ४८ रंगांची पेटी, अकरा ब्रश आणि घडीचं ईझल घेतलं. प्रत्येक खरेदीनंतर आठवडाभर उत्साह टिकतो, मग सामान कपाटात जातं. पैसे खर्चून छंदातला आनंद वाढत नाही, असंच समजायचं का?

उत्तर : वाढतो. पण तुमच्या यादीत कागदच नाही आणि जलरंगात पैसा सगळ्यात आधी तिथे लागतो. साध्या ड्रॉइंगच्या कागदावर पाणी पडलं की तो फुगतो आणि खळग्यांत रंग साचतो. त्यावर दुसरा थर दिला की खालचा उखडून चित्र गढूळ होतं. मग आपल्याच हातात काही नाही असं वाटतं, नवा ब्रश घेतला जातो आणि तोही त्याच कागदावर फिरतो. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), शंभर टक्के कॉटनचा, कोल्ड प्रेस्ड म्हणजे किंचित खडबडीत कागद घ्या. तो बराच वेळ ओला राहतो, म्हणून ओल्यावर ओला रंग सोडायला सवड मिळते. २२ बाय ३० इंचांच्या पूर्ण तावाचे आठ तुकडे करा. चांगल्या कागदापुढे हात आखडतो; तुकडा लहान असला की ‘वाया जाईल’ ही धास्ती कमी होते. पाठची बाजूही वापरा.

रंग सातच बाहेर ठेवा : पिवळा, लाल, निळा यांची प्रत्येकी एक उबदार आणि एक थंड छटा, शिवाय बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी. अल्ट्रामरीन हा उबदार निळा आणि बर्न्ट सिएना मिसळले की सुंदर करडा मिळतो, त्यामुळे पेटीतला काळा लागत नाही. ब्रश दोन पुरेत : ८ किंवा १० नंबरचा गोल आणि एक इंची चपटा.

आता त्या आठवड्याभराच्या उत्साहाविषयी. फिलिप ब्रिकमन आणि डोनाल्ड कॅम्बेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ साली हेच मांडलं होतं : नव्या सुखाला मन सरावतं आणि पुन्हा पूर्वीच्या पातळीवर येतं. पेटी पहिल्या दिवशी होती तशीच राहते, म्हणून तिला सरावायला वेळ लागत नाही. आकाशाचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पसरता थर, मात्र दर वेळी वेगळा उतरतो. म्हणून पुढच्या खरेदीआधी एकच प्रश्न विचारा : याने माझे रंगवण्याचे तास वाढतील का? महिनाभर वहीत रोजची मिनिटं लिहा, आणि बसायचं राहिलं त्या दिवशी कारण लिहा. ‘सामान काढायचा कंटाळा’ हे कारण वारंवार आलं, तर कायम मांडून ठेवता येईल असा कोपरा घरात करा. आमच्या मते तो कुठल्याही ब्रशपेक्षा मोलाचा. कारण ‘वेळ नाही’ असेल, तर पैसे घरकामातल्या मदतीवर घाला. अ‍ॅशली व्हिलन्स आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या प्रयोगात नोकरदारांना एका शनिवार-रविवारी वेळ वाचवण्यासाठी आणि दुसऱ्या वेळी वस्तूंसाठी तेवढीच रक्कम दिली होती. वेळ विकत घेतला त्या दिवशी त्यांची मनःस्थिती अधिक चांगली होती. फक्त सुटलेले ते दोन तास कुठल्या चित्राला द्यायचे, हे आधीच ठरवा. नाहीतर ते मोबाइलमध्ये जातात.

प्रश्न : आकाशनिरीक्षणासाठी ६७५ पट वर्धनाची दुर्बीण घ्यावी का?

उत्तर : नको. खोक्यावरचा तो आकडा गणिताने खरा असतो, डोळ्याला निरुपयोगी. दुर्बिणीच्या ९०० मिलिमीटर नाभीय अंतराला (भिंगापासून प्रतिमा उमटते तिथपर्यंतच्या अंतराला) आयपीसच्या, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगाच्या, ४ मिलिमीटर नाभीय अंतराने भागलं की २२५ येतात आणि तिप्पट बार्लो, म्हणजे वर्धन वाढवणारं जोडभिंग, लावला की ६७५. पण उपयोगी वर्धन पुढच्या भिंगाच्या व्यासाच्या मिलिमीटरांच्या साधारण दुप्पट, म्हणजे ७० मिलिमीटरच्या दुर्बिणीत जेमतेम १४०. त्यापुढे चित्र अंधूक आणि पसरट होतं. त्यातच हलका तिपाई असेल तर फोकसला बोट लागताच ग्रह थरथरतो, आणि महिन्याभरात दुर्बीण माळ्यावर जाते.

आधी १० बाय ५० ची (दहापट वर्धन, ५० मिलिमीटरची पुढची भिंगं) द्विनेत्री घ्या. चंद्राची विवरं, कृत्तिका आणि काळोख्या आकाशात देवयानी दीर्घिका तिच्यातून दिसते. कुठे टेकवून स्थिर धरली तर गुरूचे चार चंद्रही. तिच्यासोबत एक तारानकाशा असू द्या. शनीची कडी पाहायची ओढ लागली, की १५० मिलिमीटरची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या बैठकीवर फिरणारी आरशाची दुर्बीण. एका खेपेत बाहेर नेता येईल इतकीच मोठी घ्या आणि बाहेर ठेवल्यावर अर्धा तास थंड होऊ द्या. आरसा गरम असला की प्रतिमा उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखी दिसते. कितीतरी जण याच अर्ध्या तासाअभावी दुर्बिणीला नावं ठेवतात.

प्रश्न : छंदाचा खर्च छंदातूनच निघावा म्हणून विणलेल्या वस्तू विकू का?

उत्तर : विका, पण झालेल्या वस्तू विका, ऑर्डर घेऊ नका. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना आधीच बक्षीस कबूल केलं. नंतर मोकळ्या वेळेत ती मुलं इतरांच्या निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची गोडी मात्र कमी झाली नाही. लोकरीचा रंग, माप आणि तारीख गिऱ्हाईक ठरवू लागलं की विणणं नोकरीच्या जवळ जातं. निदान एक विणकाम नेहमी असं चालू ठेवा, जे कुणालाच द्यायचं नाही.