गंज दिसत नाही, मग टाकीला तडे कशाने?

प्रश्न : अंबड औद्योगिक वसाहतीत माझा पत्राकामाचा छोटा कारखाना आहे. एका वसतिगृहाला ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची गरम पाण्याची टाकी करून दिली होती. पाणी बोअरचे आहे. दोन वर्षांच्या आतच वेल्डिंगच्या कडेने टाकी पाझरू लागली. पत्रा झिजलेला नाही की गंजलेला नाही. पुन्हा वेल्डिंग केले, तर शेजारीच नवी चीर निघाली. पत्रा बनावट होता का? जाड पत्रा वापरू का?
– एक लघुउद्योजक, नाशिक

उत्तर : पत्रा बनावट असेलच असे नाही, कारण अस्सल ३०४ मध्येही नेमके हेच घडते. आपण केलेले वर्णन ‘स्ट्रेस करोजन क्रॅकिंग’शी जुळते. त्यासाठी धातूला ओढणारा ताण, बळी पडणारा मिश्रधातू आणि त्याच मिश्रधातूला बाधणारे रसायन या तिन्ही गोष्टी एकत्र याव्या लागतात. यांतली एक जरी काढून घेतली, तरी तडा जात नाही.

साध्या टाकीवर एवढा ताण कुठला, अशी शंका आपल्याला येईल. वितळलेला सांधा थंड होताना आकसू पाहतो, आजूबाजूचा पत्रा त्याला आकसू देत नाही, आणि त्या ओढाताणीत सांध्यालगत अडकून राहिलेला ताण पुष्कळदा पत्रा कायमचा वाकवणाऱ्या ताणाच्या जवळपास असतो. त्यापुढे पाण्याचा दाब किरकोळ. म्हणूनच जाड पत्र्याने हा दोष जाणार नाही आणि डागडुजीच्या प्रत्येक वेल्डिंगने ताणाची नवी भर पडेल.

रसायन म्हणजे पाण्यातले क्लोराइड. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते आणि क्रोमियममुळे पृष्ठभागावर अतिशय पातळ संरक्षक थर बसतो. क्लोराइड हा थर एखाद्या बिंदूपाशी फोडते. ताणामुळे चिरेचे टोक पुन्हा पुन्हा उघडे पडत राहते आणि धातू फक्त तिथेच विरघळतो, त्यामुळे बाकीचा पत्रा चकचकीतच दिसतो. पाण्यात क्लोराइड बेताचे असले, तरी हीटरभोवती, क्षारांच्या थराखाली आणि पाण्याच्या पातळीच्या रेषेवर बाष्पीभवनाने ते साठत जाते. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या वर धोका वेगाने वाढतो. त्याखाली निर्धास्त राहावे, असे मात्र नाही : स्वित्झर्लंडमधील उस्टर येथे १९८५ साली जलतरण तलावाचे काँक्रीटचे छत कोसळून १२ जण दगावले, ते छत पेलणारे स्टेनलेस स्टीलचे गज तलावावरच्या क्लोराइडयुक्त दमट हवेत याच प्रकारे तडकले होते.

खात्रीसाठी डीपी टेस्ट (पत्र्यावर लाल रंग लावून तो चिरांत मुरू देण्याची ‘डाय पेनेट्रंट’ चाचणी) करून घ्यावी. लाल रंग पुसून पांढरा डेव्हलपर फवारल्यावर झाडाच्या मुळांसारख्या फाटे फुटलेल्या बारीक लाल रेषा उमटल्या, तर निदान बहुतांशी पक्के समजावे. एकच सरळ रेष उमटली, तर आधी वेल्डिंगचा दोष तपासावा.

यावर अनेक जण ३०४एल सुचवतील. कमी कार्बनमुळे सांध्यालगत धातूच्या सूक्ष्म कणांच्या सीमांवर होणारा गंज त्याने टळतो, क्लोराइडचे तडे नव्हे. ३१६ थोडे सरस, पण तेही अभेद्य नाही. गरम पाण्यासाठी जवळजवळ निकेल नसलेले ४४४ ग्रेडचे, किंवा मग डुप्लेक्स प्रकारातले २२०५ ग्रेडचे स्टेनलेस स्टील घ्यावे, असे आमचे मत आहे. महाग पडेल, पण दोनदा टाकी करून देण्यापेक्षा स्वस्तच. पाण्यातील क्लोराइड प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. सॉफ्टनर बसवून भागेल, या भ्रमात मात्र राहू नये, कारण तो कॅल्शियम व मॅग्नेशियम काढतो, क्लोराइड जसेच्या तसे राहते.

प्रश्न : द्राक्षबागेच्या फवारणी यंत्राचे नवे पितळी नट पावसाळाभर कोंबडखताच्या पोत्यांशेजारी ठेवले होते. न वापरताच ते उभे चिरले. असे का व्हावे?
– एक शेतकरी, निफाड

उत्तर : कारण तेच, फक्त इथे रसायन अमोनिया आहे. ओलसर कोंबडखतातून तो सुटतो, आणि नट घडवताना पितळात राहिलेला ताण तडा जायला पुरेसा ठरतो. हिंदुस्थानातील ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवल्यावर अशीच तडकत. अमोनियाचा हा संबंध १९२१ मध्ये उलगडला. उरलेले नट खत आणि युरियापासून दूर, कोरड्या जागी ठेवावेत, आणि नवे घेताना ताण घालवण्यासाठी भट्टीत तापवलेले आहेत का, एवढे दुकानदाराला विचारावे.